रानबटाट्याशी सोयरीक

४ मार्च
रिटायर झालो. विमा ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांचे अपघात तपासले, आता स्वतःचं काहीतरी करणार.

घरामागचे बटाटे दोन वर्षं करप्याने खाल्ले. पानं काळी पडली की आठवड्यात सगळं आडवं. हिचा धाकटा भाऊ बटाटा संशोधन केंद्रात आहे. तो म्हणतो, डोंगरात उगवणाऱ्या काही रानबटाट्यांना करपा शिवत नाही. मग त्यांचा आपल्या बटाट्याशी क्रॉस करायचा, झालं. मेहुणा यात कित्येक वर्षं घालवून बसलाय. पक्की नोकरी, त्याला कसली घाई.

५ मार्च
हिची अट: पुढच्या वर्षीपर्यंत पातेलंभर खाण्याजोगे बटाटे निघाले नाहीत, तर मागची जागा तिच्या फुलझाडांना. मी फावड्याला हात लावायचा नाही. लगेच कबूल केलं. तिला वाईट वाटू नये म्हणून हसलो नाही.

२० मार्च
मेहुण्याने मूठभर रानबटाटे दिले. एकेक शेंगदाण्याएवढा. खाऊ नका, कडू जहर असतात, असं दोनदा बजावलं. मी काय लहान आहे?

११ जून
रानबटाट्याने चांगलेच पाय पसरलेत. कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत पोचला. आमच्याकडे राहायला असलेल्या सासूबाई त्याला गवत समजतात. मुद्दाम समजतात.

२ जुलै
आज शुभकार्य. आपल्या बटाट्याच्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढले, रानफुलाचे पराग ब्रशने लावले. चिमटा हिचा, भुवयांचा. ब्रशही हिचाच, पावडरीचा. सायन्ससाठी प्रत्येकाला काहीतरी द्यावंच लागतं.

३ जुलै
ही चिमटा शोधत होती. मीही मनापासून शोधू लागलो.

१२ जुलै
फुलं गळाली. जवळजवळ सगळी. मेहुणा फोनवर म्हणाला, दोघांची गुणसूत्रं जुळत नाहीत, असं होतंच. म्हणजे चूक वधूवरांची. एक फळ धरलंय. मला एकच हवं होतं.

१ सप्टेंबर
फळ पिकायला ओट्यावर ठेवलं होतं. सासूबाईंनी हिरवा टोमॅटो समजून चिरलं. विषारी आहे म्हटल्यावर खुर्ची गाठून बसल्या आणि जावयाने घरात विष ठेवलं म्हणून मुलाला फोन लावला. खाल्लं काहीच नव्हतं. चिरलंच होतं म्हणून बिया काढून घेतल्या. नाहीतरी उद्या मीच चिरणार होतो.

२२ फेब्रुवारी
बिया ट्रेमध्ये पेरल्या. मेहुण्याचा सल्ला: पाणी बेताचं. ऑफिसातल्या माणसाने शेती शिकवावी.

९ मार्च
पाणी किंचित जास्त झालं असावं. बऱ्याच रोपांनी माना टाकल्या. कमजोर होती. निवड आपोआप झाली. मेहुण्याला यासाठी पगार मिळतो.

५ मे
उरलेली रोपं मागे लावली. ही बाहेर येऊन दोन्ही हात लांब करून काहीतरी मोजत होती. व्यायाम असावा.

१८ जुलै
आठवडाभर पाऊस, त्यात धुकं. दोन-तीन पानांवर काळे डाग. घाबरण्यासारखं नाही. रोपं करप्याशी ओळख करून घेतायत.

२१ जुलै
ओळख झाली. सगळं काळं. कुजका वास सुटलाय. बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. ही चहा घेऊन आली, कप हातात दिला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मग उठलो आणि एकेक रोप उपटत सुटलो. शेवटच्या ओळीत हिने माझं मनगट धरलं. "अहो, तेवढं राहू द्या. ते हिरवं आहे."

२२ जुलै
एक रोप मी निवडून ठेवलंय. अशी नजर वर्षानुवर्षांच्या अनुभवाने येते.

१० ऑगस्ट
अजून हिरवं! चहूबाजूंनी काळा चिखल आणि मधे हे, अंघोळ करून आल्यासारखं. मेहुण्याला फोन केला. आवाज मुद्दाम साधा ठेवला. तो पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. ऊर फक्त माझाच भरून आला होता, याचा मला राग आला.

१४ सप्टेंबर
सकाळी – रोपाच्या एका बाजूने खणून बटाटे काढले. पुष्कळ आहेत. गोटीएवढे, जांभळट. ही म्हणाली, पातेलं भरलं नाही. मी म्हटलं, लहान पातेलं घे.

दुपारी – मेहुणा यायच्या आत उकडून खाल्ले. चव वेगळी आहे. घशात जरा आग होते. नव्या चवीला वेळ द्यावा लागतो.

संध्याकाळी – वेळ दिला. बराचसा बाथरूममध्ये.

१६ सप्टेंबर
मेहुणा आला. आधी मला खूप बोलला, डॉक्टरकडे गेलात का विचारलं, मग रोपापाशी गुडघे टेकले. पानं उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाला, "भाऊजी, हे खरंच टिकलंय."

मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडेच पाहत होती. हसत होती, पण चांगलं.

पुढचं मेहुण्याने रोपाकडे बघत सांगितलं. रानाकडून ताकद आली, तसा कडूपणाही आला, आकारही आला. आता याची सोयरीक पुन्हा चांगल्या बटाट्याशी, त्याच्या पोरांची पुन्हा चांगल्याशी, दरवेळी करपाही बघायचा आणि चवही. दहा-बारा वर्षं धरा, म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आटपत असेल तर बघ. तो बहिणीकडे बघायला लागला.

रोप कुंडीत काढून त्याने गाडीतून केंद्रात नेलं. कुंडीला सीटबेल्ट लावला. मला कधी लावा म्हणाला नव्हता.

२० सप्टेंबर
मागची जागा हिची झाली. फावड्यावरची बंदी मात्र तिनेच उठवली, कारण खड्डे कोण खणणार? दिवसभर खणले. छान खणता म्हणाली. हे मला आधीपासून माहीत होतं.

२१ सप्टेंबर
बाजारात गेलो. बटाटे घेतले. मोठे, गुळगुळीत, तळहातात मावेनात. एकेकाच्या मागे किती जणांची किती वर्षं गेली असतील, असं मनात आलं. दुकानदाराला विचारलं, ही जात कोणती.

तो म्हणाला, "बटाटा."