तातायचा फोटो आणि निळा पडदा

प्रिय मानोंग रोहेल,

धाकट्या बहिणीचं पत्र कागदावर आलं म्हणून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. लॅपटॉपवर लिहायला बसलं की नानाय शेजारी खुर्ची ओढते. आईने हे वाचायचं नाही, म्हणून कागद.

तो लॅपटॉप आठवतोय ना? बाप गेला तेव्हा नऊ रात्रींच्या जागरणातल्या शेवटच्या दोन रात्री टेकलास, चाळिसावा दिवस व्हायच्या आत सिंगापूरला पळालास आणि मागून खोका धाडलास. साबण, डबाबंद मांस, टॉवेल आणि टॉवेलांच्या घडीत ते टीचभर पडद्याचं यंत्र. गल्लीभर कौतुक झालं. मीही मिरवलं, खोटं कशाला बोलू.

नवरा गेलेल्या बाईला एकच हवं होतं. झाकण उघडलं की समोर ताताय दिसावेत, आपल्या प्रवासी जीपनीला टेकून हसणारे, मागे रंगवलेलं 'नेना' हे तिचंच नाव. मी फोटो यंत्रात घालून आणला आणि दोन तास झटले. ते कंपनीचं निळं चित्र काही जागचं हलेना. शेवटी बाजारात दुरुस्तीवाल्या बोयेटकडे गेलो, भर उन्हात, नानाय डोक्यापासून पायापर्यंत दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत. त्याने दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "ताई, बिघडलेलं काही नाही. ही सगळ्यात खालची, स्वस्तातली आवृत्ती. मागचं चित्र बदलायची सोय हिच्यातून काढून घेतलीय. वरची घेतलीत तर मिळेल." नानायने विचारलं, "म्हणजे ते आहे, फक्त आम्हाला नाही?" तो बिचारा पडदा पुसत बसला.

कुठेतरी गार खोलीत बसून कुणीतरी ठरवलं, की गरिबाला भिंत द्यावी पण खिळा मारू देऊ नये. त्या मेल्यांना मी रोज शिव्या घालते. पण ते परके. तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालास, "अगं, तिला काय कळतंय त्यातलं, म्हणून मुद्दाम साधीच घेतली." मुद्दाम! आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःचा लॅपटॉप कॅमेऱ्यापुढे फिरवून दाखवलास, पडदाभर तुझी मुलगी. म्हणजे सोय काय असते ते तुला पक्कं ठाऊक होतं. दात कोरून पोट भरलं का रे तुझं?

नानाय रडली नाही. तिने ताटातली चार शितं घेतली आणि कागदावरचा फोटो पडद्याच्या मधोमध चिकटवून टाकला. मी काढायला गेले तर म्हणाली, "राहू दे. आता कुणाला विचारायला नको." शितं अशी वाळलीत की ओढला तर फोटो फाटेल. मीही मग हात लावला नाही.

सतरा तारखेला, शनिवारी, वर्ष पुरं होतंय. प्रार्थना, जेवण आणि मग नानाय काळे कपडे उतरवणार. तू परवा कळवलंस की सुट्टी मिळत नाही, व्हिडिओवर हजर राहीन. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी जुनीच खोड. म्हणून इतके महिने गिळून ठेवलेली गोष्ट आज सांगते. दर रविवारी ती तुझ्याकडे बघून हसते असं तुला वाटतं ना? तुझं तोंड फोटोच्या मागे येतं. कडेला एखादा कान दिसला तर दिसला. ती हसते तातायकडे बघून, तुझा नुसता आवाज येत असतो. काल तिने मला विचारलं, "रोहेलचे केस पिकले का गं?" मला तरी कुठे दिसतात? तेव्हा शनिवारच्या आत ये आणि तिला दिसशील असा समोर उभा राहा.

तुझीच, अजून तरी,
मिंडा