डॉक्टरांनी इंजिनाला ‘आ’ करायला लावलं

तीर्थस्वरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मामीचं तुमच्यावर ओरडणं पूर्ववत सुरू असेल, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत आहे असं धरून चालते.

तुम्ही दिलेली गाडी सुखरूप आहे. (हे वाक्य कालपासून खरं आहे.) मध्यंतरी तिला सिग्नलला उभं राहिलं की हुडहुडी भरायची आणि चढावर ती सरळ बसकण मारायची. हे म्हणाले, “व्हॉल्व्हवर कार्बन बसलाय. बाजारापर्यंत रांगत नेतेस, दुसरं काय होणार!” (त्या गर्दीतून उडवत नेऊ का?) आणि गाडी मेकॅनिककडे न्यायची सोडून ह्यांनी ती स्वतःच साफ करायला घेतली.

हात थरथरायला लागल्यावर ह्यांनी दवाखाना बंद केला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पस्तीस वर्षं लोकांचे दात कोरलेला माणूस आठ महिने खुर्चीत नुसता बसून होता, तोही मुका. म्हणून मी आडकाठी केली नाही.

रविवारी ह्यांनी बॉनेट उघडून वरच्या नळ्या सोडवल्या. आत व्हॉल्व्हवर करपलेल्या दुधाच्या पातेल्यासारखा काळा थर! मग माळ्यावरून दातांची हत्यारं खाली आली. कपाळाला दिवा, तोंडाला मास्क, आणि खरवडणं सुरू. मध्येच हळूच म्हणाले, “जरासं दुखेल हं.” (मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.) हात थरथरत होता, पण इंजिन थोडंच ओरडणार! तीन दिवस जेवायला हाका मारून माझा घसा बसला.

चौथ्या दिवशी सगळं परत जोडलं, तर एक नट शिल्लक राहिला आणि गाडी काही केल्या सुरू होईना. ह्यांचा चेहरा इतका पडला, की मीच मेकॅनिकला फोन केला. त्याने आत डोकावून विचारलं, “डॉक्टर, भूल तरी दिली होती का?” मामा, हे हसले! आठ महिन्यांनी, खदखदून. मग दोघंही तासभर बॉनेटमध्ये डोकी खुपसून उभे. शेवटी गाडी सुरू झाली आणि तिने जो काळा धूर सोडला, तो शेजारीणबाईंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर. चादरी मी धुतल्या. हे मात्र गल्लीभर सांगत फिरले, की पेशंट वाचला.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. – तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची ती खोकणारी गाडी अजून आहे का? महिनाभर इकडे पाठवायला सांगा. जितकी बिघडलेली, तितकी बरी. आज सकाळपासून ह्यांना काही काम नाही.

आणखी एक ता. क. – मेकॅनिक जाताना फाटकाशी मला हळूच सांगून गेला, की दोष कार्बनचा नव्हताच. इग्निशन कॉइल गेली होती, ती त्याने गुपचूप बदलली. “डॉक्टरांना बोलू नका,” म्हणाला. मी बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. आणि हे पत्र मामीच्या हाती तर मुळीच लागू देऊ नका.