नंबर धुतलेल्या रेकॉर्डी

लातूर, ६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
विशाखाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

चार महिने झाले, तू फोन उचलत नाहीस. मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस. पत्राला मात्र तू उत्तर देतोस, म्हणून हे पत्र. माझा सोमेश मागे नांदेडला आला तेव्हा तुझ्या शेजारच्या केवळाबाई त्याला सांगत होत्या, दार किती वाजवावं, साहेब लई वेळ उघडतच न्हाईत. कानाला काही झालंय का? खरं सांग.

सोमेशसोबत प्लेअर आणि तुझ्या अकरा इंग्रजी रेकॉर्डी पाठवते आहे. घाबरतच लिहिते. बाबांना ती धांगडधिंगा गाणी खपायची नाहीत, म्हणून तू प्रत्येक रेकॉर्डच्या नावावर कागद चिकटवून नुसता नंबर घालायचास. मी बुरशी काढायला त्या रिठ्याच्या पाण्यात भिजवल्या आणि कागदासोबत खालचं नावही सुटून आलं. कव्हरं वाळवीनं आधीच खाल्ली होती. आता कुठली कोणती ते तूच ऐकून सांगू शकतोस. रागावलास तरी चालेल, पण कळव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
विशाखा

नांदेड, ११ फेब्रुवारी २०२५

चि. विशाखास,
जयभीम व आशीर्वाद.

पेटी पोचली. रेकॉर्डी म्हणजे काय लुगडी होती का, रिठ्यात भिजवायला? औरंगाबादच्या होस्टेलात रात्रीचं जेवण सोडून मी त्या एकेक जमवल्या होत्या. असो, तुझं धुण्याचं वेड जुनंच आहे.

माझ्या कानांना काही झालेलं नाही. केवळाबाईंना साऱ्या गल्लीची काळजी. फोनवर बोलायचा मला कंटाळा येतो, एवढंच. दोन दिवस बसून अकराही ऐकल्या. बांगडीचा ओरखडा आहे ती ड्रमवाली. तू तिच्यावर नाचताना हात आपटला होतास. काठाला वाकलेली ती लांब केसांच्या चौघांची, माळवदावर उन्हात राहिलेली. आवाज अजून खणखणीत आहे. सगळ्यांची यादी जोडली आहे.

जावयांना जयभीम सांग आणि भावावर विश्वास ठेव.

तुझा,
आनंदराज

लातूर, १४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास जयभीम.

यादी मिळाली. बरोबरच असेल. पण आज कपाट आवरताना बामची डबी सापडली. प्लेअर प्रवासाला न्यायचा तर सुई काढून कापसात ठेवायची, हे तूच शिकवलंस. मी काढली, डबीत ठेवली आणि डबी पेटीत टाकायची विसरले. सुई माझ्यासमोर आहे. मग दोन दिवस तू काय ऐकलंस?

सकाळपासून रडते आहे, आणि तुझा रागही येतो आहे. इथल्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आधीच उशीर झालाय, आता एक दिवसही घालवू नका, उरलंय तेही जाईल. सोमवारची वेळ घेतली आहे. हे पत्र सोमेश हातात देईल आणि उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही.

माझ्याशी खोटं बोलण्याइतकी मी परकी कधी झाले, तेही लिही.

विशाखा

नांदेड, १५ फेब्रुवारी २०२५

चि. विशाखास जयभीम.

सोमेश समोर बसला आहे. चहाही घेत नाही.

ऑक्टोबरात डावा कान गेला. उजव्याला थोडं येत होतं, तेही कमी होत गेलं. रेकॉर्डी मी उन्हात धरून, ओरखडे नखानं चाचपून ओळखल्या. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण आता काही उरलं नाही असं तो म्हणेल याची भीती वाटली. तू परकी नाहीस. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

ड्रमवाली मी लावली होती. सुई नाही हे या डोळ्यांना दिसलं नाही. पूर्ण बाजू फिरेपर्यंत उजवा कान प्लेअरला टेकवून बसलो. काहीच आलं नाही. रेकॉर्ड उलटून पुन्हा बसलो. मग रेकॉर्डी बांधून ठेवल्या आणि तुला आवाज खणखणीत आहे असं लिहिलं.

आता तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या दिवशी तिथं ऐकण्यासारखं काही नव्हतंच. विशाखा, हे वाचून मी चार महिन्यांत पहिल्यांदा हसलो. सोमेशला वाटलं, मामा बिघडला.

प्लेअर आणि ड्रमवाली घेऊन आजच त्याच्यासोबत निघतो. डबी सांभाळून ठेव. डॉक्टरकडे जाण्याआधी सुई बसवून ड्रमवालीच लाव. तुझ्या बांगडीच्या ओरखड्यावर सुई उडी मारते. ती मला ऐकू आली तर मी हात वर करीन. नाही केला, तर तू येऊन धर.

तुझा,
दादा