नववी आणि दहावी ओळ वगळून

मी, श्रीमती सुचित्रा पद्मनाभ जठार, वय वर्षे एकाहत्तर, राहणार बेडोक, सिंगापूर, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि तो दाखला सोबत जोडला आहे. जीभ कधीच ठिकाणावर नव्हती, पण तिच्यासाठी दाखला लागत नाही. मजवर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याइतका वेळ माझ्यापाशी कोणी बसलेले नाही.

१. माझे कैलासवासी पती पद्मनाभ यांच्या ऑफिसातल्या वकिलाने आम्हा दोघांची मृत्युपत्रे एकाच दुपारी करून दिली होती. माझ्या मृत्युपत्रात त्यांचेच शब्द होते, फक्त नाव बदललेले. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कु. अंजली प्रभुदेसाई यांनी करावी. अंजली युनिव्हर्सिटीत सहा वर्षे माझ्या समोरच्या टेबलावर बसत असे. तिला जुने हस्ताक्षर वाचता येते आणि ती खोटे गोड बोलत नाही. कोर्टाला इंग्रजी भाषांतर लागेल, तेही तिनेच करून घ्यावे. भाषांतरात माझा राग मवाळ करू नये. माझा एकुलता मुलगा तन्मय हयात असताना, शहाणासुरता असताना, सेरंगूनला एवढ्या जवळ राहत असताना हे काम त्याच्याकडे का नाही, याचे कारण कलम पाचमध्ये आहे. तन्मयने मात्र क्रमाने वाचावे. त्याला लहानपणापासून उत्तराच्या पानावर उडी मारायची सवय आहे.

३. माझा व्यवसाय. हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

मी इतिहासात पीएचडी केलेली बाई. पद्मनाभला इथल्या बँकेत नोकरी लागली तेव्हा त्याच्या मागून डिपेंडंट पासवर आले. पुढे युनिव्हर्सिटीतल्या एका प्रकल्पात कंत्राटावर जे काम मिळाले ते धरले, आणि निवृत्तीपर्यंत तेच केले. काम असे: अमेरिकेच्या दक्षिणेत, यादवी युद्धाच्या आधीच्या काळात, कापसाच्या मळ्याचा मालक मेला की कोर्ट शेजारचे तीन-चार जमीनदार नेमत असे. ते मेलेल्याच्या घरातून, मग अंगणातून, मग गोठ्यातून चालत जात. एक जण पुकारी, दुसरा लिही. पलंग, त्याची किंमत. खेचर, त्याची किंमत. माणूस, त्याची किंमत. त्या गुलाम माणसांच्या नावापुढे वय, येत असलेले काम आणि शरीरातली खोट लिहिलेली असे. त्या यादीप्रमाणे मग वाटण्या होत. आई एका भावाकडे, मूल दुसऱ्याकडे.

बेडोकच्या मार्केटात भेटणाऱ्या आपल्या बायका विचारायच्या, "अगं, ते अमेरिकेतलं कशाला? आपलं काही नाही का मिळालं?" पद्मनाभ तर पाहुण्यांना हसत सांगे, "हिचा टाइमपास चालू असतो युनिव्हर्सिटीत." त्याच्या पगाराच्या मानाने तो टाइमपासच होता. मीही हसत असे. ते हसणे मी परत घेते.

या कामात एक कसब लागते. यादीचा क्रम हा चालण्याचा रस्ता असतो. लिहिणाऱ्याने जे ज्या क्रमाने पाहिले ते त्याच क्रमाने लिहिले. एका यादीत होते: माग एक, चरखे दोन, हॅना, मोठी कढई. म्हणजे हॅना त्या दिवशी विणकामाच्या खोपटात उभी होती. तिच्याविषयी जगात दुसरा शब्द उरलेला नाही, पण ती कुठे उभी होती ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या एका यादीत म्हाताऱ्या फीबीच्या नावापुढे शून्य होते. शून्य लिहिण्याआधी त्या चौघांनी तिला नीट न्याहाळले असणार.

४. आमचे प्रकल्पप्रमुख प्रा. प्रबोध केळुसकर मला म्हणाले होते, "सुचित्राताई, नावं राहू द्या हो. आपल्याला आकडे हवेत." आकडे त्यांना दिले. त्यांवर त्यांचा ग्रंथ झाला, त्याला पारितोषिक मिळाले, आणि आभाराच्या पानावर 'तांत्रिक साहाय्य' या शब्दांखाली मी इतर चौघांच्या रांगेत उभी आहे. नावे मात्र मी घरी बसून टिपत राहिले. कोण कुणाची आई, कोण कुठे उभे होते, वाटणीत कोण कुणाकडे गेले, हे सगळे त्यात आहे. ही नावांची सूची मी अंजलीला देते. आपल्या पणजीच्या पणजीला शोधणाऱ्या कोणालाही ती फुकट पाहायला मिळाली पाहिजे. प्रा. केळुसकर यांच्या केंद्राला ती देऊ नये, आणि मागायला आले तर त्यांना चहा पाजून परत पाठवावे. बिनसाखरेचा.

५. गेल्या फेब्रुवारीत माझ्या पोटातल्या गाठीचे ऑपरेशन झाले आणि ती कसली आहे ते कळले. मी वॉर्डात होते. घरी मला सांभाळणारी सुलास्त्री दिवसभर माझ्याजवळ असे. सुलास्त्री पूर्व जावातल्या ब्लिटारची. अकरा वर्षे माझ्याकडे हेल्पर आहे. पुरणपोळी माझ्याहून बरी करते आणि हे मी तिला कधी सांगितले नाही.

एका दुपारी आमच्या 'जठार परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर तन्मयने एक तक्ता पाठवला. तो त्याच्या बायकोसाठी, ऋग्वेदासाठी होता, चुकून ग्रुपवर आला. माझ्या फ्लॅटमधल्या सामानाची यादी. दारातले चपलांचे कपाट, सोफा, टीव्ही, देव्हारा, जेवणाचे टेबल, मिक्सर, ओव्हन. आठव्या ओळीत फ्रिज. नवव्या ओळीत सुलास्त्री. दहाव्या ओळीत शिवणयंत्र. अकराव्या ओळीत वॉशिंग मशीन. शेजारच्या रकान्यात 'विकणे', 'देऊन टाकणे', 'आपल्याकडे'. सुलास्त्रीपुढे 'आपल्याकडे' आणि त्यापुढे शेरा: वय ४३, प्रामाणिक, मराठी स्वयंपाक येतो, बाळांची सवय नाही पण शिकेल, डावा गुडघा दुखतो, तपासून घेणे.

मी आयुष्यभर हेच वाचत आले. मला चष्मा पुसावा लागला नाही.

शिवणयंत्र सुलास्त्रीच्या खोलीत, दारामागे, कापडाखाली झाकलेले असते. ते दहाव्या ओळीत आले याचा अर्थ माझा मुलगा माझ्या घरातून फोन हातात घेऊन चालत गेला, फ्रिजपाशी थांबला, आणि ती माझ्या उशाशी बसलेली असताना त्याने तिच्या खोलीचे दार उघडले.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी विचारले, "कसली यादी आहे ती?"

"आई, प्लॅनिंग आहे फक्त. चुकून आलं ग्रुपवर, इग्नोर इट लाह."

"सुलास्त्री त्यात कशी?"

"अगं, ती घरातलीच आहे. शी इज लाइक फॅमिली."

"मग ऋग्वेदा कितव्या ओळीत आहे?"

त्याचा चेहरा उतरला, मग चढला. "प्रत्येक गोष्टीत तुझे ते अमेरिकेतले स्लेव्ह्ज आणू नकोस. हिला पगार आहे, संडे ऑफ आहे. वाटलं तर उद्या उठून जाऊ शकते ती!"

६. इथे तन्मयचे म्हणणे बरोबर आहे, असे मी नमूद करते. हा फरक लहान नाही. हॅनाला विकता येत होते, तिचे मूल तिच्या हातातून ओढून नेता येत होते, आणि पळून गेली तर तिच्यामागे कुत्री सोडत. दिसेल त्याला गुलामी म्हणणाऱ्या लोकांशी मी सेमिनारमध्ये कडाकडा भांडले आहे. म्हणून मी ठरवले, की मुलगा म्हणतो ते एकदा करून बघावे.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. सुलास्त्री भेंडी पुसत होती. मी म्हटले, "तुला घरी जायचंय का गं?"

तिने मान वर केली नाही. "मॅम, सरनी विचारायला सांगितलं?"

"नाही. मी विचारतेय."

"माझी आई, ब्लिटार. स्ट्रोक. हाफ बॉडी नो मूव्ह. टू टाइम्स मी सरला विचारली, लीव्ह, कॅन? सर से, नॉट नाऊ. आफ्टर."

"आफ्टर काय?"

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. "आफ्टर यू, मॅम."

मी आजारी पडल्यापासून तिचे कागदपत्र, पगार, तिकीट, सगळे तन्मय फोनवरून बघत असे. वर्क परमिट माझ्या नावावर, पण दार त्याच्या हातात. तिकडे तिची आई अंथरुणाला खिळलेली, इकडे मी खिळणार, आणि मुलगी एकच. ती एक मुलगी कुणाच्या उशाशी बसणार, हे माझ्या मुलाने आम्हा तिघींपैकी कुणालाही न विचारता ठरवून टाकले होते. मी गेल्यावर ती त्याच्या जुळ्या बाळांना सांभाळणार होती, म्हणजे तो 'आफ्टर'सुद्धा खोटाच होता.

मी म्हटले, "तू जा."

मला वाटले होते, ती थोडे आढेवेढे घेईल. निदान नको म्हणेल. तिने राहिलेली भेंडी पुसली आणि म्हणाली, "नेक्स्ट वीक, कॅन?"

ते मला लागले. खूप लागले. कायद्याला त्याचे काही नाही, पण दुसरीकडे लिहून ठेवायला मला जागा नाही.

तिकीट अंजलीने काढले. विमानतळावर सुलास्त्री माझ्या व्हीलचेअरचा ब्रेक तपासत खाली वाकून म्हणाली, "मेडिसिन जेवणानंतर, मॅम. बिफोर नो. यू ऑल्वेज डू बिफोर." मग आत गेली. तन्मयला दुसऱ्या दिवशी कळले. फोनवर तो ओरडला, "वेड लागलंय का तुला? आता तुझ्याकडे कोण बघणार?" मी फोन कानाशी धरून ठेवला, म्हटले स्वतःचे शब्द त्याला ऐकू येतील. नाही आले. हॉस्पिसची नर्स सकाळी तासभर येते. तन्मय रविवारी येतो, बाळे झोपली तर.

७. सबब, वाटणी अशी. तन्मयने केलेली यादी या मृत्युपत्राला जोडली आहे. त्या यादीत जे जे आहे ते, नववी आणि दहावी ओळ वगळून, मी तन्मयला देते. फ्लॅट त्याच्या यादीच्या मथळ्यात आहे, तोही त्याला. इथल्या सरकारी घरांच्या नियमांमुळे ठेवता आला नाही तर विकून पैसे घ्यावेत. सीपीएफचे, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीचे, पैसे मृत्युपत्रात येत नाहीत. त्याचा नॉमिनी पूर्वीपासून तन्मयच आहे. फॉर्म बदलावा असे दोनदा मनात आले, पण नाही बदलला. शेवटी त्याला मीच वाढवला आहे.

दहाव्या ओळीतले शिवणयंत्र सुलास्त्रीने स्वतःच्या पगारातून घेतलेले आहे. ते माझे नाही, त्यामुळे देण्याचा प्रश्न येत नाही. ते ती बरोबर घेऊन गेली.

तन्मयच्या यादीत जे नाही, म्हणजे जे त्याला दिसले नाही, ते त्याला मिळणार नाही. माझी पुस्तके अंजलीला. बँकेतली माझ्या स्वतःच्या पगाराची मुदत ठेव सुलास्त्रीला, राहणार ब्लिटार, पूर्व जावा. हे बक्षीस समजू नये आणि उपकारही समजू नये. तिने काय समजावे हे मी सांगणार नाही.

८. माझे दहन मंडाईच्या स्मशानात साधेपणाने करावे. पद्मनाभच्या फोटोशेजारी माझा फोटो लावू नये. चाळीस वर्षे शेजारी होते, तेवढे पुरे. "फार सोशिक होत्या" असे कोणी म्हणू लागल्यास अंजलीने त्यांना थांबवावे. मी सोशिक नव्हते, मला वेळ लागला इतकेच.

रात्री एकटीला भीती वाटते. ही मालमत्ता नव्हे, पण माझी आहे, आणि ती कोणाला द्यायची नाही.

९. माझ्यामागे कोर्टात मालमत्तेची यादी द्यावी लागेल. ती करण्यासाठी अंजलीने माझ्या घरातून स्वतः चालत जावे. फ्रिजनंतर थेट वॉशिंग मशीन लिहावे. मधल्या खोलीचे दार मी उघडे टाकले आहे. आत कोणी नाही.

आज सकाळी सुलास्त्रीने फोटो पाठवला. खाटेवर तिची आई आहे, तोंड एका बाजूला वाकलेले, आणि भरवणारा हात सुलास्त्रीचा आहे. त्या बाईंना मी या मृत्युपत्राने काहीही ठेवलेले नाही. मुलगी त्यांच्याजवळ आहे, आणि ती मी दिलेली नाही. द्यायला ती माझी नव्हती.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि त्यातला एकही शब्द मला खोडावासा वाटला नाही, म्हणून खाली सही करते.

(सही) सुचित्रा पद्मनाभ जठार
बेडोक, सिंगापूर
दिनांक १४ नोव्हेंबर २०२५

आम्हा दोघांच्या देखत, एकाच वेळी, मृत्युपत्रकर्तीने सही केली. आम्हाला यातून काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार:
१. (सही) दीनानाथ विठ्ठल काणेकर, राहणार पासिर रिस
२. (सही) श्रीमती लिम सिऊ हुआ, शेजारी. लिमबाईंना मराठी येत नाही. त्यांनी फक्त माझा लिहिता हात पाहिला, आणि सही होईपर्यंत कागद धरून ठेवला.