तुम्ही शिकवलेलं चेरीचं झाड

अण्णा,

काल तुमची नात जेवणाच्या टेबलावर शाळेचं पोस्टर करत बसली होती. सहावीत आहे. विषय, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांबद्दलचे गैरसमज. टीव्हीवर इराकच्या युद्धाच्या बातम्या चालू होत्या आणि मी पोळ्या करत होते. ती म्हणाली, "आई, ते चेरी ट्रीचं ना, इट नेव्हर हॅपन्ड. तो फर्स्ट प्रेसिडेंट मेल्यावर एका पुस्तक विकणाऱ्याने मेड इट अप." मग दातांचं सांगितलं. त्याच पहिल्या राष्ट्राध्यक्षाची कवळी लाकडी नव्हतीच. तिच्यात माणसांचे दात होते, काही बहुधा गुलामांच्या तोंडातले. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "झाडाचं परत सांग."

चौथीच्या वर्गात ती गोष्ट तुम्ही काय रंगवून सांगितली होती! पोरगा म्हणतो, बाबा, झाड मीच तोडलं, आणि बाप त्याला पोटाशी धरतो. तिथे तुमचा गळा दाटून आला होता. पुढच्याच आठवड्यात शाळेचा पृथ्वीचा गोल माझ्या हातून पडला. तुम्ही दारातून आत येता, विचारता, "कोणी फोडला?" वर्ग गप्प. मी उभी राहते. "सर, मी." शाळेत तुम्हाला अण्णा म्हणायचं नसे. दोन्ही हातांवर चार-चार छड्या. वर घरी आईला म्हणालात, "मास्तरची पोरगी! चारचौघांत शोभा केली माझी." छडी उचललीत तरी मला वाटत होतं, आता ती खाली ठेवाल आणि मला जवळ घ्याल. इतकी मूर्ख होते मी.

त्या पुस्तकवाल्याने गोष्ट रचली ती पोटासाठी. तुम्ही कशासाठी सांगत होतात? त्या दिवशी चाळीस पोरं एवढंच शिकली की विचारलं तर गप्प बसावं. मी जरा जास्त शिकले.

नातीने विचारलं, "आजोबांना माहीत होतं, ती फेक आहे?"

"नाही."

"देन ही वॉजन्ट लायिंग," म्हणाली आणि पोस्टरवर दात चिकटवू लागली. किती सहज सोडलं तिने तुम्हाला. मला ते सहन होईना. कोट घालून मी बाहेर गेले आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत राहिले.

हे कुठे पाठवणार? कागद फाडेन बहुतेक. पण शेवटच्या दिवसांत तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं, तिकडे यायला ऑफिसातून रजा मिळत नाहीये. तुम्ही म्हणालात, "असू दे, नोकरी सांभाळ."

अण्णा, मी रजा मागितलीच नव्हती.