याडीची कांचळी

तांडा, फुलसावंगी
१४ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप शोभाकाकूंना,

बादलचा शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही सुखरूप असाल, असं लिहायची सवय आहे. पण तुमच्या मुलाचा जबडा मीच फोडलाय, तेव्हा ते राहू द्या.

इकडे कापूस वेचून झाला. याडी, म्हणजे माझी आई लालीबाई, बरी आहे. माझी नोकरी गेली हे तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. सात वर्षं 'गाडीची गचांडी' चालवली, टीव्हीवर गाड्यांना आणि त्या घेणाऱ्यांना शिव्या घातल्या, दोनदा कोर्टात माफी मागितली, तरी चॅनेलनं ठेवलं. या वेळी फोनवर एका मिनिटात काढलं. मी फोन भिंतीवर आपटून फोडला.

तुमच्या मागच्या खोलीत राहून मी कॉलेज केलं, तुमच्या हातचं जेवलो. तुमच्या क्षितिजनंच मला चॅनेलात नेलं. तो प्रोड्यूसर, मी तोंड. त्यालाच मी दिग्रसच्या रस्त्यावर व्हील पान्यानं मारलं. पहिला फटका खांद्यावर बसला. तो खाली पडल्यावर दुसरा तोंडावर मारला, तो बघून मारला. दात डांबरावर पडले. कॅमेरावाल्या धम्मरत्ननं मागून धरलं नसतं तर तिसरा डोक्यात होता.

तांड्यात सगळ्यांना वाटतं, क्षितिज याडीला घाण बोलला म्हणून मी मारलं. मी तसं म्हटलं नव्हतं. तांड्याचे प्रमुख हरिसिंग नायक यांनी विचारलं, "याडीवरूनच झालं ना?" मी मान हलवली. तेवढ्यावर नसाब बसली, म्हणजे आमची पंचायत. मला फेटा बांधला. नायक म्हणाले, "पोराची नोकरी गेली, पन याडीची इज्जत राखली त्यानं."

दुसऱ्या दिवशी तांड्यातला रूपसिंग चौघांना घेऊन तुमच्या घरी आला. काचा फोडल्या, नंदकिशोरकाकांच्या कपाळावर दगड मारला. परत आल्यावर हसत सांगत होता, "म्हाताऱ्याले सात टाके पडले म्हणते." मी त्याचं नाक फोडलं. तो रक्त पुसत विचारत राहिला, "मले काहून मारून राह्यला, भाऊ? तुयासाठीच गेलतो ना." माझ्याकडे उत्तर होतं. दिलं नाही.

ते आता लिहितो. त्या दिवशीच्या भागासाठी मी याडीची लग्नातली घागरा-कांचळी, म्हणजे घागरा आणि चोळी, मागून नेली होती, आरशांची, कवड्यांची. टीव्हीवर तांड्याचं नाव होईल म्हणालो, म्हणून तिनं पेटीतून काढून दिली. दिग्रसला ती मीच अंगात घातली, नव्या गाडीच्या बोनेटवर बसलो आणि तिच्या आवाजात म्हणालो, "साहेब, गाडी द्या, नवरा सोडते." सगळं युनिट हसलं. क्षितिज हसला नाही. "लालीबाई प्रत्येक भाग बघतात," तो म्हणाला. "हे मी कापणार. आधी कपडे उतरव." सगळ्यांसमोर म्हणाला. मी पाना उचलला. कांचळी अंगात असतानाच मारलं. तिच्यावर त्याचं रक्त आहे. याडीला सांगितलं, माझं आहे.

क्षितिजनं पोलिसांना लिहून दिलेल्या जबाबात यातलं काही नाही, असं धम्मरत्न सांगत होता. याडीला कळू नये म्हणूनच असणार. मी मात्र तुमच्या घरावर दगड पडेपर्यंत फेटा मिरवला. मला माझीच किळस येते, काकू.

उद्या सकाळच्या एसटीनं याडी तुमच्याकडे येतेय. काकांना लागलं हे तिला सहन झालं नाही. म्हणाली, "पोरगं चुकलं, पन म्हाताऱ्यानं काय केलं? मी जातो. त्या पोरालेही माफ करतो." ती क्षितिजला माफ करायला येतेय. मी तिला थांबवू शकलो असतो. सात वर्षं ज्या तोंडाचा पगार घेतला, ते उघडलं नाही.

हे पत्र तिच्याच हाती देतोय. तिला वाचता येत नाही. यात मी काकांची माफी मागितली आहे, असं तिला वाटतं. तिला आत घ्या, पाणी द्या, आणि ती दवाखान्यात क्षितिजसमोर जाण्याआधी हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा. मी दिग्रसच्या पोलीस ठाण्यात असेन.

तुमचा म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
आणि हे वाचून होईपर्यंत लालीबाईचा मुलगा,
बादल