भट्टीच्या दारात अडकलेली ताई

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा मातीच्या हातांनी नमस्कार (कागदावर डाग दिसतील, त्यातला अंगठ्याचा ठसा ही सही समज). तुझी तब्येत बरी असेलच. भावजी वेळच्या वेळी औषध घेत नसतील, हेही ठाऊक आहे. मी मजेत आहे. मजेत म्हणजे जेवतो, झोपतो आणि मधल्या वेळात स्वतःला शिल्पकार म्हणवून घेतो.

पत्रास कारण, माझं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ठरलंय. कलादालनाच्या बाईंनी माझे कप, सुरया आणि ती वाकडी फुलदाणी (ती मुद्दाम वाकडी आहे, हे तुला कितीदा सांगू) पाहून एकच अट घातली: मधोमध ठेवायला माणसाएवढं एक शिल्प हवं, नाहीतर दालन दुसऱ्याला. मी छाती फुगवून हो म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बसलेली बाई करायला घेतली आणि सांगताना लाज वाटते, पण ती हळूहळू तूच व्हायला लागली. तीच हनुवटी, तोच कमरेवर ठेवलेला डावा हात, 'हे काय करून ठेवलंस?' असं विचारायच्या बेतात. मी काही केलं नाही गं, मातीच तिकडे वळली.

घोड्यानं पेंड खाल्ली ती भट्टीपाशी. भट्टी आतून मी नीट मोजली होती. दार मोजलं नव्हतं (हे वाक्य भावजींना वाचून दाखवू नकोस). तुझं कोपर काही केल्या आत जाईना. माती वाळताना आकसते, म्हणून धीर धरून बसलो आणि रोज सकाळी टेप लावून तुझी रुंदी मोजू लागलो. शेजारचा सुतार जाता-येता दारातून विचारायचा, "काय, ताई बारीक झाल्या का?" झालीस, पण बोटभरच. शेवटी काळजावर दगड ठेवून तुला कमरेत कापलं (करवत सुताराचीच) आणि दोन वेळा भट्टी लावली. वरचा भाग जरा जास्त तापला. जास्त तापलेली माती जास्त आकसते, हे मी माझ्या शिकवणीत दर आठवड्याला मोठ्या ऐटीत सांगतो. परिणाम असा, की वरची ताई खालच्या पोकळ ताईत गचकन उतरली आणि पुन्हा त्याच कोपरावर अडकली. आता ती पिंपात पडलेल्या आणि त्याचा जाब विचारणाऱ्या बाईसारखी दिसते.

दालनाच्या बाईंनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि दोन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात नवं शिल्प झालं नाही, तर माझी जागा एका काचकाम करणाऱ्याला जाईल. भीती वाटते. पण हे आपलं तुला कळावं म्हणून लिहिलं, मागायचं काही नाही. मामा प्रसिद्ध होणार असं मुलांना सांगितलं असशील, तर तूर्त सबुरीनं घे.

तुझा,
धाकटा

ता. क. मागायचं आहे. आठ दिवस येऊन समोर बसशील? आठवणीतून मला तुझा रागावलेला अवतारच तेवढा जमतो, आणि त्याला दार फार मोठं लागतं.

आणखी एक ता. क. भावजींना सांग, शिल्पासाठी जातेय. खरं कारण तुला सांगतो. मूर्ती करताना मी तिच्याशी बोलायचो. भट्टी, प्रदर्शन, फजिती, सगळं सांगून झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू मधे बोलली नाहीस. दोन दिवस फार बरं वाटलं. मग करमेना. ये.